उष्टा पाला

जानेवारीतली सकाळ आहे. मेहरूण तलावाला फेऱ्या मारून मंडळी घराकडे वळली आहेत आणि काठावर टोपली मांडून बसलेल्या बाईने पहिल्या गिऱ्हाइकासाठी तराजू उचलला आहे. टोपलीत बोरं. मेहरूण गावाने बोराच्या एका जातीला आपलं नाव दिलं. फळबागायतीच्या पुस्तकात उमराण, कडाका, छुहारा यांच्या रांगेत ‘मेहरूण’ छापलेलं असतं. गाव जळगाव शहरात केव्हाच मिसळून गेलं, बोर राहिलं. तुम्ही पाव किलो घेता, एक तोंडात टाकता आणि तेवढ्यात पलीकडच्या कुंपणाकडे नजर जाते.

तिथे गावठी बोरीला एक शेळी लागली आहे. मागच्या दोन पायांवर उभी, पुढचे दोन फांदीला टेकवलेले. बोरीचे काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ काटा आत शिरणाऱ्याला टोचतो, वाकडा बाहेर निघणाऱ्याला धरून ठेवतो. शेळीचा वरचा ओठ दोन्हींच्या मधून अलगद फिरतो आणि नेमकं पान उचलतो. तिच्या उंचीवरची बोरं कधीच संपली. आता पाला चालू आहे.

तुम्हीही एक पान तोडा. धुवायची गरज नाही, पोटात थोडंच घालायचंय? दाढेखाली धरा आणि चावा. आधी हिरवट चव येते, मग जीभ कोरडी पडते, गालाची आतली बाजू आवळल्यागत होते. पानातलं टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटलं, लाळेचा बुळबुळीतपणा गेला, म्हणून तोंड असं खरखरीत झालं. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या पाण्यात कातडं भिजवून कमावतात, तेव्हा हौदात हेच घडतं. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून बसतं आणि मग ते कातडं कुजत नाही. जिवाणूंना ते फोडून खाता येत नाही, म्हणून कुजत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुम्ही पान थुंकून टाकता. शेळीने तोवर आणखी वीस-पंचवीस पानं गिळलेली असतात.

त्यातल्याच एका पानावर आता बसा. पानावर मावाल एवढे लहान व्हा, मग त्याहूनही लहान. शेळीने पान दोन-तीनदा चावल्यासारखं केलं, गिळलं, आणि तुम्ही अंधारात पडलात. हे कोटीपोट, चार कप्प्यांतला पहिला आणि सगळ्यात मोठा. इथे तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं, उन्हाळा असो की हिवाळा. हवा आहे, पण तिच्यात ऑक्सिजन जवळपास नाही. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन आहे, आणि आंबूस वास. मिनिटाला एक-दोनदा सगळी भिंत आकसते आणि आतला लगदा खालीवर ढवळला जातो. चोथ्याचा थर वर तरंगतो, खाली पातळ. या पातळाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय केसाळ अंगाचे एकपेशीय प्राणी, जे आत्ता तुमच्या आकाराला म्हशीएवढे दिसताहेत, आणि पानाच्या तुटलेल्या कडेला मुळं रोवणाऱ्या बुरश्या. या बुरश्या आहेत हे कॉलिन ऑर्पिन नावाच्या इंग्रज संशोधकाने १९७५ साली दाखवून दिलं. तोवर सगळ्यांचा समज होता की ऑक्सिजनवाचून बुरशी जगतच नाही.

शेळी स्वतः गवतातला, पाल्यातला सेल्युलोज पचवू शकत नाही. ते काम ही वस्ती करते, त्यातून निघालेली आम्लं शेळीच्या रक्तात जातात, आणि तिला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांतूनच येतो. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. आपला प्रश्न पुढचा आहे. बोरीच्या पानातून टॅनिन सुटायला लागलं की या वस्तीचं काय होतं?

समोर बघा. पान फाटलंय आणि त्यातून तपकिरी झाक पाण्यात उतरतेय. टॅनिन पहिल्यांदा पानातल्याच प्रथिनांना धरतं, मग जिवाणू आपल्या अंगाबाहेर जी विकरं सोडतात त्यांना धरतं, मग जिवाणूंच्या आवरणालाही चिकटतं. सेल्युलोज फोडणारे काही जिवाणू थबकतात. हौदातल्या कातड्याचं जे झालं तेच इथे व्हायला लागतं. झाडाने शेळीचं नुकसान करायला शेळीपर्यंत जायची गरजच नाही, तिच्या पोटातल्या कामगारांचे हात बांधले की झालं.

पण सगळेच थांबलेले नाहीत. काही जिवाणू स्वतःभोवती शर्करेचा चिकट थर उभारतात आणि टॅनिन त्या थरातच अडकतं. आणखी काही जण थेट टॅनिन फोडायला घेतात. त्यासाठी टॅनिन कोणत्या जातीचं आहे ते महत्त्वाचं. एका प्रकारात साखरेच्या रेणूला गॅलिक आम्लाचे गट जोडलेले असतात. हे जोड टॅनेझ नावाच्या विकराने तुटतात. गॅलिक आम्ल सुटतं, त्याचं पायरोगॅलॉल होतं, आणि पायरोगॅलॉल तर विषारीच. गोष्ट इथेच थांबली तर जनावराची धडगत नाही. थांबत नाही, कारण दुसरा एक जिवाणू ते उचलतो, त्याची मांडणी बदलतो आणि पुढे ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्लापर्यंत नेतो, जे शेळीला अन्न म्हणून चालतं. असं काम करणारा एक जिवाणू १९८६ साली गाईच्या कोटीपोटातून वेगळा करण्यात आला. त्याचं नाव युबॅक्टेरियम ऑक्सिडोरेड्यूसेन्स. एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलायचं, त्याने टाकलेलं तिसऱ्याने.

दुसऱ्या प्रकारचं टॅनिन म्हणजे लांब साखळ्या. बोरीच्या पाल्यात, शमीत याचा भरणा मोठा. ऑक्सिजन नसलेल्या या अंधारात त्या साखळ्या तोडणं जवळपास कुणालाच जमत नाही, आणि ‘शेळीच्या पोटातले जिवाणू टॅनिन पचवतात’ असं सरसकट म्हणणाऱ्याला मी इथे थांबवीन. पुष्कळदा ते पचवत नाहीत, ते सोसतात. टॅनिन आजूबाजूला असतानाही काम चालू ठेवणारे जिवाणू वाढतात, न सोसणारे कमी होतात, आणि पाला पुढे सरकतो. त्यात एक फायदाही दडलेला आहे. कोटीपोटात टॅनिनने धरून ठेवलेलं प्रथिन चौथ्या पोटात पोचतं. तिथे आम्लता इतकी तीव्र की पकड सुटते आणि प्रथिन शेळीला आयतं मिळतं, वाटेत जिवाणूंनी खाल्ल्यावाचून. थोडं टॅनिन म्हणूनच चांगलं. चाऱ्यात प्रमाण फार वाढलं की जनावर खाणं सोडतं.

बाहेर या. अंग झटका आणि साक्रीकडच्या एका गावात उतरा. १९७३ चा मार्च चालू आहे.

पाऊस गेल्या वर्षी आला नाही. गावातली धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडताहेत, पोरांना सुकडी मिळते आहे. गोठ्यांत बैलांच्या दावणी मोकळ्या. काही विकले, काही छावणीत, काही गेले. गवताचं पात नाही. पण बाभळीला शेंगा आहेत आणि बांधावरच्या बोरींना थोडा पाला. लांब काठीला आकडी बांधून एक म्हातारी फांद्या हलवते आहे, पांढरट हिरव्या, जागोजागी चिमटलेल्या शेंगा खाली पडताहेत, आणि तिच्या पाच-सहा शेळ्या एकमेकींना ढुसण्या देत त्या उचलताहेत. तुम्ही विचारता, एवढं तुरट खाऊन त्यांना काही होत नाही? ती वर न बघता म्हणते, “तुरट शे, पन बकरीले चालस.”

का चालतं याचं अर्धं उत्तर तुमच्यासमोरच आहे. शेळी काहीही खाते असं आपण म्हणतो, पण ती चोखंदळ आहे. चार शेंगा, मग बोरीचे दोन घास, मग कुठल्याशा वाळक्या वेलीचं टोक, मग पुन्हा शेंग. एकाच झाडाचं विष ती पोटात साठू देत नाही. गाय मान खाली घालून एका जागी चरणारी; तिला एवढी निवड करायची सवय नाही. उरलेलं अर्धं उत्तर कोटीपोटात आहे, आणि म्हातारीकडे एकच दावं असल्यामुळे ते तुम्हाला दिसणार आहे. तिन्हीसांजेला ती सगळ्या शेळ्या एकाच खुंटाला बांधते, मधे बोरीचा एकच डहाळा टाकते. एकीने अर्धं चावून सोडलेलं पान दुसरी उचलते. जमिनीवर लेंड्या पडल्यात, त्यांवर पाला पडतो, तोही खाल्ला जातो. रात्री रवंथ करताना बाभळीच्या टणक बिया त्या तोंडातून टाकून देतात. सकाळी जमीन झाडली की सुपात मूठभर बिया येतात, पेरायला तयार.

थोडं आणखी मागे. १९००. अजून सगळा खान्देश एकच जिल्हा आहे; त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन व्हायला सहा वर्षं आहेत. लोक याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, विक्रम संवत १९५६ वरून. इथे फार वेळ उभं राहवत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुरं पडलेली आहेत. प्रत्येक मेलेल्या जनावराच्या कोटीपोटातली वस्ती पुढच्या काही तासांत संपते आहे. कुठल्या रानात काय खाल्लं म्हणजे निभावतं, हे त्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेलं होतं. मेलेल्या गुरांची मोजदाद सरकारने केली, या वस्तीची कोण करणार?

आता मोठी उडी. त्याच साक्री तालुक्यात, कान नदीच्या काठी, चार हजार वर्षांपूर्वी. जागेचं आजचं नाव कावठे. १९८५-८६ मध्ये डेक्कन कॉलेजची मंडळी इथे खणायला येतील, त्यांना जमिनीत खड्डे करून वर छप्पर घातलेली घरं सापडतील, हाडांची हत्यारं सापडतील आणि हे सगळं सावळदा संस्कृतीचं आहे असं ते लिहितील. आत्ता मात्र त्या खड्ड्यातल्या घरांतून धूर निघतो आहे. तुम्ही वाकून एका दारातून उतरता. आत एक शेळी व्यालेली आहे.

इथे थोडं बसा. शेळीही या मातीची नाही. माणसाने शेळी माणसाळवली ती इथून खूप पश्चिमेला, आजच्या इराणमधल्या झाग्रोस डोंगररांगांत, कावठ्याच्याही सहा हजार वर्षं आधी. तिथून कळपाकळपाने, हाताहाताने ती या तापीच्या खोऱ्यात पोचली. वाटेत झाडं बदलत गेली, प्रत्येक मुलखाचा पाला निराळा, प्रत्येक पाल्याची बोच निराळी. शेळीच्या रक्तातली रचना एवढ्या झपाट्याने बदलत नाही. पोटातली वस्ती बदलते, काही आठवड्यांत.

करडू उठायची धडपड करतंय. त्याचं कोटीपोट आत्ता नावापुरतं आहे, चिमुकलं आणि रिकामं. चीक प्यायला की तो तिथे जातच नाही; गळ्यापासून एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. म्हणजे जन्माला आलेलं करडू बोरीचा पाला पचवू शकत नाही, आई तिच्या आयुष्यभर तो खात आली असली तरी. ते आईकडून रक्तात मिळत नाही. मग कसं मिळतं? बघा. आई करडाला चाटते, डोक्यापासून शेपटीपर्यंत. करडू आईचे ओठ हुंगतं, रवंथ करणाऱ्या तोंडाशी तोंड नेतं. दोन-तीन आठवड्यांत आईच्या तोंडातून गळलेलं पान ते चघळून बघेल. सडाला लागलेली धूळ, जमिनीवरच्या लेंड्या, इतर शेळ्यांनी चाखून सोडलेला पाला, या सगळ्यातून एकेक जिवाणू त्याच्या आत उतरेल आणि दीड-दोन महिन्यांत त्याचं कोटीपोट चालू होईल. शबरीने रामाला बोरं चाखून दिली, ती गोड निघावीत म्हणून. शेळी पाला चाखून टाकते तो पचावा म्हणून नव्हे, तिला एवढं सुचत नाही. पण होतं मात्र तेच.

याच साक्रीच्या परिसरातले ठेलारी धनगर आजही पावसाळा सरला की मेंढरं घेऊन वाटेला लागतात आणि ज्याच्या शेतात कळप बसवायचा त्याच्याकडून धान्य घेतात. शेतकऱ्याला खत हवं असतं. त्या खतातून कुठलं काय कुठे पोचतं हे त्या व्यवहारात धरलेलं नसतं.

अजून मागे जायचं असेल तर चाळीसगावजवळ पाटण्याला डोकावता येईल. पंचवीस हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करत होती, एका तुकड्यावर तर रेघांची नक्षी आहे. म्हणजे खान्देशात तेव्हा शहामृग होते, आणि शहामृगही पाल्यातला चोथा स्वतः पचवत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून आंबवून घेतो. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला तर डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेत आणि २००५ साली त्यांत गवताचे अंश सापडल्याचं जाहीर झालं. पण आपल्याला शेळी हवी आहे, म्हणून इथूनच माघारी फिरू.

परतीच्या वाटेवर १८४३ सालच्या पॅरिसमध्ये फक्त मान वळवा. डेव्हिड ग्रुबी आणि ओनेझिम डेलाफाँ हे दोघे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कोटीपोटातल्या थेंबात पोहणारे एकपेशीय प्राणी बघताहेत. कावठ्याच्या करडाने जे पोटात घेतलं त्याचा काही भाग पहिल्यांदा इथे माणसाच्या नजरेला पडला. त्यानंतरची शंभर वर्षं हे सूक्ष्मजीव काय खातात, काय टाकतात हे ठरवण्यातच गेली, कारण ऑक्सिजन लागला की बहुतेक जण मरत. रॉबर्ट हंगेट या अमेरिकन संशोधकाने त्यांना हवेपासून जपून नळीत वाढवायची रीत काढली आणि १९६६ साली या वस्तीवर एक जाड ग्रंथ लिहिला.

आणि आता उरुळीकांचन. १९७० नंतरची वर्षं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली इथे ‘बायफ’ ही संस्था काढली, आणि आता तिच्या आवारात एक झाड फार कौतुकाने वाढवलं जातंय: सुबाभूळ, हवाईहून आलेली के-८ जात. झपाट्याने उंच जाते, सरपण देते आणि पाल्यात प्रथिनं भरपूर. दुष्काळाने पोळलेल्या महाराष्ट्राला आणखी काय पाहिजे? तुम्ही एक टहाळी तोडून शेळीला देता. ती मिटक्या मारत खाते.

सुबाभळीत थोडं टॅनिन आहे, पण तिचं मुख्य हत्यार निराळं: मिमोसिन नावाचं एक अमिनो आम्ल. घोडा किंवा डुक्कर हा पाला भरपूर खाईल तर त्याचे केस गळतात. रवंथ करणाऱ्या जनावरात कोटीपोटातले जिवाणू मिमोसिन फोडतात, आणि त्यातून जे तयार होतं ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडवतं. म्हणजे जिवाणूंनीच अर्धं काम करून दुसरं विष तयार केलं. पुढचं अर्धं काम करणारा कुणी हवा.

तो कुठे आहे हे कळायला तुम्हाला ऑस्ट्रेलियात जावं लागेल, टाउन्सव्हिलला, रेमंड जोन्स यांच्याकडे. सुबाभूळ खाणारी तिथली गुरं अंगाला लागत नव्हती, गलगंड व्हायचा. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला रोज खाऊन ठणठणीत होत्या. झाड तेच, शेळीही शेळीच. जोन्सना वाटलं, फरक पोटातल्या पाहुण्यांचा असावा. त्यांनी हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू नियमांच्या सगळ्या चाळण्यांतून ऑस्ट्रेलियात आणले आणि तिथल्या जनावरांच्या पोटात सोडले. गुरांच्या पोटातलं ते विष नाहीसं व्हायला लागलं. १९८६ साली जोन्स आणि मेगॅरिटी यांनी हे छापलं. त्याहून मजेची गोष्ट पुढे दिसली: कळपातल्या थोड्याच जनावरांना जिवाणू पाजला तरी तो इतरांत पसरत जातो. एकत्र चरतात, एकाच पाण्यावर जातात, एकमेकांचं उष्टं खातात. १९९२ साली या जिवाणूला जोन्स यांचं नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सिआय. क्वीन्सलँडमधले पशुपालक आता तो बाटलीत घालून गुरांना पाजतात.

टॅनिनचं काय? त्यासाठी ऑस्ट्रेलियातच थांबा, फक्त कोरड्या प्रदेशात चला. तिथे मुल्गा नावाचं झाड आहे, आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातलं, पाल्यात टॅनिन ठासून भरलेलं. दुष्काळात मेंढ्यांना हाच पाला तोडून घालतात आणि मेंढ्या खाऊनही वाळत जातात. शेजारी रानात सुटलेल्या शेळ्या तोच पाला खाऊन तगतात. ब्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या रानशेळ्यांच्या कोटीपोटातून टॅनिन सोसणारा एक जिवाणू वेगळा केला आणि शेळीवरून त्याचं नाव ठेवलं, स्ट्रेप्टोकॉकस कॅप्रिनस. पुढच्याच वर्षी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला: रानशेळ्यांच्या कोटीपोटातला द्रव मुल्गा खाणाऱ्या मेंढ्यांना पाजला, तर त्या मेंढ्यांच्या अंगात नायट्रोजन अधिक टिकला. म्हणजे पाल्यातलं प्रथिन वाया जायचं ते त्यांना लाभायला लागलं. मेंढ्यांत चमत्कार काही झाला नाही, फक्त शेळ्यांचा शेजार त्यांच्या पोटात गेला.

हे शेळीपुरतंच नाही. कोआलाची मादी पिलाला दुधावरून निलगिरीच्या पाल्यावर आणायच्या वेळी आपली खास मऊ विष्ठा चाटवते. किळस वाटली तरी ती त्याची पाल्याची पहिली शिदोरी. अमेरिकेच्या वाळवंटातले काही रानउंदीर क्रिओसोट नावाच्या विषारी झुडपावर जगतात. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली त्यांना प्रतिजैविकं देऊन पोटातली वस्ती उठवली, तर ते उंदीर त्या झुडपावर टिकेनात. आणि त्यांची वस्ती दुसऱ्या मुलखातल्या अजाण उंदरांना दिली, तर ते खायला लागले.

या सगळ्यावर प्रयोगशाळेतला सोपा उपायही आहे. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी खेजडीचा, म्हणजे आपल्या शमीचा, पाला खाणाऱ्या करडांना पॉलिएथिलिन ग्लायकॉल देऊन पाहिलं. हे रसायन टॅनिनला स्वतःच जाऊन धरतं आणि प्रथिन मोकळं राहतं. उपाय चांगला, पण साक्रीच्या म्हातारीच्या नातसुनेने दुकानात जाऊन पॉलिएथिलिन ग्लायकॉल मागितल्याचं चित्र काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. तिच्याकडे आजीने जपलेल्या शेळ्यांची पिलावळ असेल तर तिला ते लागणारही नाही.

लागेल ते दुसऱ्यांना. शेवटचा थांबा आजचाच आहे, खान्देशातल्याच एका आठवडी बाजारात. टेम्पोतून उतरवलेल्या शेळ्या रांगेने बांधल्यात. अंगाने भरलेल्या, केस चकचकीत. बंदिस्त गोठ्यातल्या आहेत, विकणारा सांगतो; मका, पेंड, लसूणघास, सगळं जागेवर. करडं आईपासून लवकर तोडून बाटलीवर वाढवलीत, म्हणून एवढी टवटवीत. तुमचं रान मात्र बोरीचं आणि बाभळीचं आहे. या शेळ्या उद्या तिथे सोडल्या तर पहिल्याच दिवशी पोटभर पाला खातील की उपाशी उभ्या राहतील, तुम्हीच ठरवा. त्यांच्या कोटीपोटात मक्याची वस्ती आहे.

तुम्ही विकणाऱ्याला विचारता, आजवर पाला काय काय खाल्लाय यांनी?

“पाला?” तो हसतो. “भाऊ, दात बघा, दात. चार दाती आहे.”

दात बघाच. पण पलीकडच्या कोपऱ्यात रानातून चालत आलेल्या एका कळपातली दोन-तीन जनावरं उभी आहेत, हाडं थोडी दिसणारी, ओठांना काट्यांचे ओरखडे. त्यांतली एक व्यालेली, करडू सडाला लागलेलं. ती घ्या, करडासकट. घरी नेलेल्या नव्या शेळ्यांच्या शेजारी तिला बांधा, पहिले दोन-तीन आठवडे रोजच्या चाऱ्यात पाला थोडा थोडा वाढवत न्या, आणि डहाळा मधे एकच टाका. तिचा मालक भाव सांगेल तो जास्तच असेल. करडू वेगळं विकायचंय म्हणेल, आईचे वेगळे, पिलाचे वेगळे पैसे होतात म्हणेल. हवी तेवढी घासाघीस करा, पण करडाची आई सोडू नका.